दर उन्हाळ्यात शेवटच्या टाकीतल्या पाणपिसवा का मरतात? इंदूरच्या आमच्या सोसायटीत सापडलेलं कारण आणि उपाय

तक्रार एकच आणि ती दर वर्षी येते. थंडीत आमच्या सांडपाण्याच्या शेवटच्या टाकीत पाणपिसवा, म्हणजे डॅफ्निया, एवढ्या वाढतात की काचेचा ग्लास बुडवून उन्हात धरला तर पाण्याला उकळी फुटल्यासारखं दिसतं. तळाला पडलेलं कडुनिंबाचं पान वरून ओळखू येतं. मग फेब्रुवारी सरतो, रंगपंचमी होते, आणि पंधरवड्याच्या आत तीच टाकी पालकाच्या भाजीसारखी हिरवी होते. पिसवा नाहीशा. नव्या आणून सोडल्या तर चार दिवस टिकतात, की पुन्हा तेच.

तीन वर्षं आम्ही हेच करत होतो. चौथ्या वर्षी कारण सापडलं. अर्धं कारण टाकीतच होतं आणि अर्धं दोन टप्पे आधी. ज्यांच्याकडे अशीच टाकी आहे त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहिते. घाईत असाल तर एवढं करा: पाणी सकाळी अकराला मोजणं सोडा. पहाटे पाचला मोजा आणि दुपारी तीनला मोजा.

आधी आमची मांडणी सांगते, म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. साठेक घरांचं सांडपाणी एसटीपीत, म्हणजे आवारातल्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात, येतं. तिथे ब्लोअरने हवा मारतात, पुढे गाळ बसतो आणि वरचं निवळलेलं पाणी सिमेंटच्या तीन टाक्यांतून एकामागून एक जातं. प्रत्येक टाकी तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद, एक मीटर खोल. पहिली नुसती निवळण्यासाठी, दुसरी-तिसरी पिसवांची. तिथून पाणी बगिच्याला आणि आवार धुवायला जातं. पिण्याशी किंवा स्वयंपाकाशी या पाण्याचा संबंध नाही आणि कुणी लावूही नये.

गाळ बसल्यावरही पाण्यात एक धुरकटपणा राहतो. त्यात जिवाणू असतात, शेवाळाच्या सुट्या पेशी असतात, डोळ्यांना वेगळे दिसणार नाहीत असे कण असतात. ते आपोआप खाली बसत नाहीत. पाणपिसवा नेमकं तेच खातात. डॅफ्निया पोहते ती डोक्याजवळच्या फांद्यांसारख्या शृंगिकांनी. छातीचे पाय मात्र अखंड हलत राहून पाणी आत ओढतात, आणि पायांवरच्या केसांच्या चाळणीत कण अडकून तोंडाकडे सरकतात. पूर्ण वाढलेली मोठी मादी तासाला दोन मिलिलिटर पाणी गाळते असं धरा. लिटरमागे अशा ५० असल्या तर दिवसाला २४०० मिलिलिटर झालं. म्हणजे टाकीतला प्रत्येक लिटर दिवसातून दोनदा या चाळणीतून जातो. वीज लागत नाही, औषध लागत नाही. विरघळलेला अमोनिया, नायट्रेट, मीठ यांवर मात्र पिसवांची मात्रा चालत नाही, आणि आमची पहिली चूक इथेच झाली. मागच्या टप्प्याने करायचं काम आम्ही त्यांच्यावर टाकलं.

रंगपंचमीवर घेतलेला आळ

इंदूर ठाऊक असलेल्यांना सांगायला नको, इथे धुळवडीपेक्षा रंगपंचमी मोठी. राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, टँकरमधून रंग उडतो, आणि दुपारनंतर घरोघर कपडे, अंगण, गच्च्या धुवायला निघतात. त्या दिवशी आमच्या एसटीपीत येणारं पाणी अक्षरशः गुलाबी असतं आणि वर साबणाच्या फेसाची हातभर साय. पिसवा त्यानंतरच मरत. त्यामुळे पहिली दोन वर्षं कुणी वेगळा विचारच केला नाही. रंगात काहीतरी आहे, बस.

तिसऱ्या वर्षी आम्ही रंगपंचमीचं आणि दुसऱ्या दिवशीचं पाणी पिसवांच्या टाक्यांकडे जाऊच दिलं नाही. पहिल्या टाकीआधीचा व्हॉल्व्ह फिरवला आणि ते थेट शहराच्या गटार-लाईनला सोडलं. पिसवांना रंगाचा थेंब लागला नाही. अकराव्या दिवशी टाकी हिरवी झाली, बाराव्या दिवशी एकही पिसू उरली नव्हती.

मला त्या दिवशी खरंच रडू आलं होतं. आपल्याकडे नर्मदेचं पाणी जलूदहून ७० किलोमीटर ढकलत, चढावर चढवत आणतात. आमच्या नळाला ते एक दिवसाआड येतं. आपण ते एकदा वापरतो आणि ते कान्ह नदीत जातं, कान्ह पुढे सांवेरवरून उज्जैनच्या त्रिवेणीला क्षिप्रेत. २०२१ मध्ये देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ (सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय बाहेर न सोडणारं) शहर म्हणून इंदूरचं नाव झालं तेव्हा आम्हाला किती अभिमान वाटला होता. मग आपल्या आवारातलं पाणी आपण नीट करून वापरू नये, हे मनाला पटतच नव्हतं.

एक दिवस टाकीपाशी

पुढच्या मार्चमध्ये ठरवलं, अंदाज बांधायचे नाहीत. पीएच (पाणी आम्लधर्मी की क्षारधर्मी ते सांगणारा आकडा) मोजायचं पेन, साधा थर्मामीटर, माशांच्या दुकानात मिळतो तो अमोनियाचा थेंबांचा किट आणि एक टॉर्च घेऊन मी पहाटेपासून टाकीपाशी खुर्ची टाकून बसले. त्या दिवसाची नोंद आहे तशी देते.

पहाटे ५ : पाणी २४ अंश, पीएच ७.५. टॉर्चच्या उजेडात पिसवा लालसर दिसतात. बहुतेक जणी पाणी पडतं त्या पाइपाच्या तोंडाशी गोळा झालेल्या.

सकाळी ११ : २७ अंश, पीएच ८.१. रंग उतरलेला, टाकीभर पसरलेल्या. सगळं उत्तम.

दुपारी ३ : ३१ अंश, पीएच ९.२. वरच्या थरात जवळजवळ कुणी नाही. ग्लासात घेतलेल्या काही जणी एकाच जागी गोल गोल फिरतात, काही तळाला पडून नुसते पाय हलवतात.

रात्री ९ : २८ अंश, पीएच ८.६.

आमचे ऑपरेटर दादा रोज न चुकता पाणी मोजत. प्रामाणिकपणे. पण त्यांच्या पाळीत ते मोजायची वेळ होती सकाळी अकराची, आणि दिवसातल्या सगळ्या वेळांमध्ये तीच एक निर्धोक होती. वहीत वर्षभर ‘पीएच ८, ठीक’ असं लिहिलेलं. टाकी दुपारी मरत होती.

आता अमोनियाचं गणित. किटवर लिटरला ५ मिलिग्रॅम आला, आणि दिवसभर साधारण तेवढाच राहिला. किट दाखवतो तो एकूण अमोनिया. पाण्यात तो दोन रूपांत असतो: एक अमोनियम, जो पिसवांना फारसा बाधत नाही, आणि दुसरा मोकळा अमोनिया, जो विष आहे. कुठला किती हे पीएच आणि तापमान ठरवतात. पहाटेच्या ७.५ पीएचला आणि २४ अंशांना मोकळा अमोनिया शंभरात दोन भागही नसतो. म्हणजे लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्याही खाली. दुपारच्या ९.२ पीएचला आणि ३१ अंशांना तोच शंभरात निम्म्याहून अधिक, म्हणजे अडीच मिलिग्रॅमच्या वर. टाकीत नवं काही पडलं नाही, कुणी काही ओतलं नाही, आणि तरी त्याच पाण्यातलं विष काही तासांत पंचवीस पटींहून जास्त वाढलं.

पीएच दुपारी चढतो तो शेवाळामुळे. शेवाळ उन्हात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि तो गेला की पाणी क्षारधर्मी होतं. रात्री उलट. शेवाळही श्वास घेतं, ऑक्सिजन संपवतं, पीएच उतरतो. पहाटेचा तो लाल रंग त्याचाच. ऑक्सिजन कमी पडला की डॅफ्निया अंगात हिमोग्लोबिन वाढवते आणि अक्षरशः लाल दिसू लागते. म्हणजे आमच्या पिसवा पहाटे गुदमरत होत्या आणि दुपारी विषात होत्या. रोज.

मग थंडीत का मरत नव्हत्या? अमोनिया तर तेव्हाही असणार. तपासल्यावर कळलं, होताच. पण थंडीत पिसवा भरपूर, त्या शेवाळ उगवू देत नाहीत, त्यामुळे पीएच आठच्या वर जात नाही आणि अमोनिया निरुपद्रवी रूपात पडून राहतो. मार्चमध्ये पाणी तापतं. आम्ही आणलेली जात होती डॅफ्निया मॅग्ना, थंड प्रदेशातली, १८ ते २२ अंशांत सुखी. अठ्ठावीसच्या पुढे ती कमी खाते, कमी पिलं घालते. तिने खाल्लं नाही की शेवाळ वाढतं. शेवाळ वाढलं की पीएच चढतो, पीएच चढला की अमोनिया विषारी होतो, त्यात आणखी पिसवा मरतात आणि शेवाळाला रान मोकळं. एकदा हे चक्र सुटलं की आठ-दहा दिवसांत खेळ आटोपतो. बिचारी रंगपंचमी नेमकी त्याच आठवड्यात येते.

मूळ कुठे होतं

एवढा अमोनिया येत होता कुठून? नीट चालणाऱ्या एसटीपीतून पुढे येणाऱ्या पाण्यात तो खूपच कमी असायला हवा. एक मिलिग्रॅमच्या आसपास आला की आम्ही समाधान मानतो. त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू ब्लोअरच्या टाकीत असतात. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवायला त्यांना साडेचार मिलिग्रॅमहून जास्त ऑक्सिजन लागतो, शिवाय पाण्यातली सातेक मिलिग्रॅम क्षारता, म्हणजे पीएच घसरू न देणारा साठा, खर्च होते. हे जिवाणू वाढायला फार सावकाश. त्यांची उपासमार केली की भरून यायला आठवडे जातात.

मी कोषाध्यक्ष काकांकडे गेले.

“काका, रात्री ब्लोअरचा आवाज येत नाही हो.”

“नाहीच येणार. अकरा ते सहा बंद ठेवतो आपण. वीजबिल बघितलंत का ताई तुम्ही?”

“कधीपासून?”

“झाली की तीन-साडेतीन वर्षं.”

यात काकांची चूक नव्हती. बिल वाचवा असं सगळ्या सभासदांनीच त्यांना सांगितलं होतं आणि रात्री पाणी वापरतं कोण, असा सरळ हिशेब त्यांनी केला होता. पण जिवाणूंना रात्र नसते. रोज सात तास हवा बंद, म्हणजे रोज सात तास त्यांचा श्वास कोंडलेला.

म्हणून पहिला उपाय टाकीपाशी नाही, ब्लोअरपाशी करा. आम्ही तो २४ तास सुरू केला आणि रात्री फक्त जोर कमी केला. हवेच्या टाकीतला विरघळलेला ऑक्सिजन लिटरला दोन मिलिग्रॅमच्या खाली जाऊ द्यायचा नाही, एवढीच अट. वाढलेलं बिल बगिच्यासाठी मागवायचे टँकर कमी होऊन बरंचसं भरून निघालं. सहा आठवड्यांनी अमोनिया ५ वरून १ च्या आसपास आला. तुमच्याकडे ब्लोअर चोवीस तास चालत असूनही अमोनिया जास्त असेल, तर क्षारता तपासा. आमच्याकडे बोअरचं पाणी मिसळतं, ते कठीण असतं, म्हणून तिथे अडचण आली नाही. नुसतं पावसाचं किंवा आरओचं मऊ पाणी वापरणाऱ्यांना ती येऊ शकते. पिसवांनाही कात टाकल्यावर नवं कवच घडवायला कॅल्शियम लागतं, त्यामुळे फार मऊ पाणी त्यांना तसंही मानवत नाही.

दुसरा उपाय सावली. टाकीवर हिरवी जाळी दुहेरी ताणली, दोन तृतीयांश भाग झाकला. याने एका दगडात बरंच काही साधलं: पाणी दोन-तीन अंश थंड राहिलं, शेवाळाचं ऊन गेलं आणि दुपारचा पीएच ८.३ च्या वर चढेना. पिसवांचं पोट शेवाळावरच अवलंबून नसतं, जिवाणूंवरही त्या जगतात, त्यामुळे झाकल्याने उपाशी राहतील ही भीती नको. जाळी पाण्यापासून हातभर उंच ठेवा, हवा खेळू द्या. प्लॅस्टिकची ताडपत्री कायमची घालू नका, खालचं पाणी वाफाळतं.

दुपारी मोजलं आणि पीएच नऊच्या वर सापडला, तर काय? व्हिनेगर किंवा अ‍ॅसिड ओतायचा मोह होतो. मी एकदा ओतलं आहे. पीएच पाच मिनिटांत धाडकन उतरला आणि उरल्यासुरल्या पिसवा त्या झटक्यानेच गेल्या. त्याऐवजी ताडपत्री टाकून त्या दिवसापुरतं ऊन तोडा, आणि निवळण्याच्या टाकीतलं ताजं पाणी जोराने फिरवा. त्या पाण्याचा पीएच सव्वासातच्या आसपास असतो. त्यात अमोनिया असला तरी त्या पीएचला तो फारसा मोकळा होत नाही.

पहाटेच्या ऑक्सिजनसाठी हवा द्यायची तर ती मोठ्या, सावकाश बुडबुड्यांची द्या, किंवा पाणी हातभर उंचीवरून पडू द्या. मत्स्यटाकीतला बारीक बुडबुड्यांचा दगड इथे घातक. बारीक हवा पिसवांच्या कवचाखाली शिरते, त्या फुग्यासारख्या वर तरंगतात आणि पुन्हा खाली जाऊ शकत नाहीत. पृष्ठभागावर कोंडा सांडल्यासारखा पांढुरका थर दिसला आणि त्यातल्या काही जणी अजून पाय हलवत असतील, तर हवेचा दगड काढा.

कुठली पिसू

ब्लोअर आणि सावली झाल्यावर टाकी एप्रिलपर्यंत टिकली. मे महिन्यात पुन्हा संख्या घसरली, या वेळी हळूहळू आणि पाणी हिरवं न होता. हा निव्वळ उष्णतेचा ताण. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, रात्री थोड्या निवतात, तरी बाहेर ४१-४२ अंश असताना मॅग्नाकडून काम मागणं हा तिच्यावर अन्याय आहे.

आता आम्ही दोन पाळ्या लावतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी डॅफ्निया, मार्चपासून मोइना ही दुसरी पाणपिसू. मोइना आकाराने लहान, जेमतेम दीड मिलिमीटर, एकेक जण पाणीही कमी गाळते, पण तिशीच्या पाण्यातही हसतखेळत राहते आणि चार-पाच दिवसांत पिलं घालायला लागते. तिची भरपाई संख्येने होते. ती विकत आणू नका. पावसाळ्यानंतर शेताच्या कडेला, गुरांच्या हौदात, जुन्या दगडी कुंडात ती असतेच. जाळीच्या कापडाने गाळा आणि भिंगाखाली बघा. सिरपूर तलाव आणि यशवंत सागर मात्र वगळा. दोन्ही २०२२ पासून रामसर स्थळं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा, आहेत, तिथून जीव उचलायचे नाहीत, आणि आपल्या टाकीतली परकी मॅग्ना तिथे सोडायची तर अजिबात नाही.

एक गोष्ट मला फार मोलाची वाटते, म्हणून जरा थांबून लिहिते. दिवस चांगले असतात तोवर पाणपिसू नराशिवाय पिलं घालते, आणि सगळी पिलं म्हणजे आईच्याच प्रती. ताण आला, गर्दी झाली, ऋतू पालटला, की नर जन्मतात आणि मादी पाठीवर काळ्या खोगिरासारखी एक पेटी घडवते. आत एक-दोन अंडी. ती पेटी सुकते, गोठते, गाळात गाडली जाते आणि कित्येक वर्षांनी पाणी लागलं की फुटते. बर्मिंगहॅम विद्यापीठात लुइसा ओर्सिनी यांच्या गटाने तळ्याच्या गाळातली अशी जुनी अंडी उबवून, वेगवेगळ्या काळात वेगवेगळं प्रदूषण सोसलेले वाण वेगळे केले आणि सांडपाण्यासाठी त्यांतून निवड केली. २०२३ मध्ये त्यांनी दाखवलं की डॅफ्निया सांडपाण्यातून डायक्लोफेनॅक (वेदनाशामक औषध), अ‍ॅट्राझिन (तणनाशक), आर्सेनिक आणि पीएफओएस (सहज न विघटणारं औद्योगिक रसायन) हे चार प्रदूषकही कमी करू शकते. आमच्यापाशी प्रयोगशाळा नाही. पण त्यातली एक गोष्ट आपल्यालाही जमते: ज्या पिसवांनी आपल्या टाकीतला मे महिना काढला, त्यांचीच पुढची पिढी वाढवायची. दर वर्षी बाहेरून नवी आणली की सोसण्याची ती कमाई आपणच फेकून देतो. तिसऱ्या टाकीच्या भिंतीला पाण्याच्या रेषेवर खसखशीएवढे काळे दाणे चिकटलेले दिसतात. मी ते जुन्या टूथब्रशने खरवडून घेते, सावलीत सुकवते, कागदाच्या पुडीत महिना लिहून ठेवते. पुढल्या मोसमाचं बियाणं तेच.

हायपोचा घोळ

आता एका वेगळ्याच मृत्यूबद्दल, कारण तो झटपट येतो आणि वरच्या चक्राशी त्याचा संबंध नसतो. सकाळी टाकी भरलेली, संध्याकाळी सगळ्या तळाला, पाणी मात्र स्वच्छ. हिरवा रंग नाही, वास नाही. बहुतेक वेळा हे क्लोरीन.

पिसवांना लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम क्लोरीनही झेपत नाही. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक नळाच्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन असावं असं सांगतं. म्हणजे पाणी कमी झालं म्हणून सरळ नळाने टाकी भरली की कारभार संपला. शिवाय सांडपाण्यात अमोनिया असतो, क्लोरीन त्याच्याशी मिळून क्लोरामाइन बनतं, आणि ते दिवसभर उघडं ठेवलं तरी सहज उडून जात नाही. एसटीपीतलं क्लोरीनचं डोसिंग पिसवांच्या टाकीआधी असेल तर ते शेवटच्या टाकीनंतर न्या. पाणी निर्जंतुक करायचंच तर ते पिसवांचं काम झाल्यावर. पाणी चांगलं निवळलेलं असलं की क्लोरीनही कमी लागतं.

आणि हा घोळ लक्षात ठेवा. एसटीपीवाले ‘हायपो’ म्हणतात ते सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनच. मत्स्यटाकीवाले आणि जुने फोटोग्राफर ‘हायपो’ म्हणतात ते सोडियम थायोसल्फेट, म्हणजे क्लोरीन मारणारं. मी दुकानदाराच्या सांगण्यावरून “थोडं हायपो टाका” असा निरोप ऑपरेटर दादांना दिला होता. त्यांनी त्यांच्या समजुतीने बरोबर तेच टाकलं जे त्यांच्या कॅनवर लिहिलेलं होतं. आता आम्ही दोन्ही पूर्ण नावाने बोलतो आणि थायोसल्फेटच्या डब्याला निळी पट्टी लावली आहे.

तसाच झटपट मृत्यू डासांच्या फवारणीने येतो. टेमेफॉस असो, धुरातलं मॅलॅथिऑन असो की पायरेथ्रॉइड, डासांना मारणारी ही रसायनं पिसवांनाही मारतात. फवारणीच्या दिवशी टाकीवर ताडपत्री टाका, दुसऱ्या दिवशी काढा. टाकीत डास होऊ नयेत म्हणून कडेने बारीक मच्छरदाणी शिवून घ्या. कुणी आपुलकीने गप्पी मासे आणून सोडले तर हात जोडून परत द्या, आठवड्यात एकही पिसू उरणार नाही. अळ्या दिसल्याच तर बीटीआय नावाची जिवाणूंची पावडर चालते, ती पिसवांना जवळपास निर्धोक आहे. चतुराच्या अळ्या मात्र चिमट्याने वेचाव्याच लागतात.

शंका आली की ग्लासाची चाचणी करा. संशयित पाणी एका ग्लासात, चांगलं जुनं पाणी दुसऱ्यात, दोन्हींत दहा-दहा लहान पिसवा, सावलीत २४ ते ४८ तास. दोन्ही ग्लास हलके हलवा आणि कोण हलतं ते मोजा. जगभरच्या प्रयोगशाळा पाण्याचं विष तपासायला साधारण हेच करतात. संशयित ग्लासात मेल्या आणि दुसऱ्यात जगल्या तर दोष पाण्यात. दोन्हींत मेल्या तर तुमचं ‘चांगलं’ पाणीही तपासा.

नव्याने सुरू करताना सगळा साठा टाकीत ओतू नका. बादलीत चौथा हिस्सा टाकीचं पाणी, तीन-तीन तासांनी आणखी तेवढंच, असं सावकाश मिसळत न्या. दोन बादल्या कायम टाकीपासून लांब, सावलीत चालू ठेवा. माझी एक बादली नणंदेच्या गॅलरीत असते. आणि टाकी भरली की काढणीही करा. आठवड्याला चौथा हिस्सा पिसवा जाळीने काढल्या नाहीत तर गर्दीने त्या एकदम मरतात, आणि मेलेल्या अंगांतलं सगळं पुन्हा पाण्यात उतरतं. काढलेल्या आम्ही कंपोस्टात टाकतो. खायच्या माशांना घालू नका, सांडपाण्यातलं काय त्यांच्या अंगात साठलं असेल ते सांगता येत नाही.

दिवाळीच्या साफसफाईचा आठवडा अजून आमच्या हातात पूर्ण आलेला नाही. फिनाइल, ब्लीच, फरशीचं अ‍ॅसिड, सगळं एकाच चार दिवसांत येतं. तोवर त्या चार दिवसांत व्हॉल्व्ह फिरवतो आणि पिसवांच्या टाक्यांना आतलंच पाणी फिरवून देतो. ऑपरेटर दादांच्या वहीत आता दोनच रकाने आहेत, पहाटे ५ आणि दुपारी ३. काल दुपारचा पीएच ८.२ होता आणि ग्लासात मी मोजल्या त्या मोइना सत्तावीस.